नुसता स्लो वाढवून देत नाही: आमच्या गॅरेजची वाटचाल

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं गॅरेज सुरू झालं ते १९९६ साली. त्याआधी मी आणि धाकटा भाऊ, दोघंही दुसऱ्यांच्या हाताखाली काम करत होतो. भाड्याचा गाळा, वर पत्रा, एक ट्रॉली जॅक आणि पान्यांची पेटी एवढंच भांडवल. उद्यमनगरच निवडलं, कारण लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर. इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनमध्ये हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या भागाचा) फेस वाकलेला निघाला तर सकाळी न्यायचा आणि दुपारी सरळ करून आणायचा, ही सोय इतर ठिकाणी कुठे मिळते?

तेव्हा येणाऱ्या गाड्या म्हणजे मारुती ८००, पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, थोड्या झेन. आणि सगळ्यात जास्त तक्रार एकच: गाडी उभी राहिली की थरथरते, रेस वर-खाली होते, सिग्नलला बंद पडते. त्यावर बाजारात सर्रास चालणारा उपाय म्हणजे कार्बोरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) आयडल स्क्रू अर्धा फेरा आवळायचा. आयडल किंवा स्लो म्हणजे गाडी उभी असताना इंजिन ज्या वेगाने फिरतं तो; त्यालाच स्लो वाढवणं म्हणतात. मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्यांवर चालायचं इंजिन बारा-तेराशेवर नेलं की थरथर कमी भासते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण दोष आत तसाच राहतो, पेट्रोल जास्त जातं, आणि तापलेलं इंजिन कधी किल्ली काढल्यावरही धडधडत राहतं.

आम्ही दोघा भावांनी ठरवलं, कारण सापडल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. आणि कारण शोधण्याचे पैसे वेगळे घ्यायचे, पार्ट बदलला नाही तरी. सुरुवातीला हे लोकांना पटेना. "मिस्त्री, जरा स्लो वाढवून द्या की, एवढ्यासाठी कसले पैसे?" असं म्हणून बरेचजण निघून जायचे. आमचं भागायचं ते क्लच-ब्रेकच्या कामांवर.

पहिला भरवसा मिळाला तो एका निवृत्त गुरुजींच्या झेनमुळे. दोन ठिकाणी प्लग बदललेले, कार्बोरेटरचं किट टाकलेलं, तरी आयडल स्थिर नाही. भावाने गाडी चालू ठेवून ब्रेक दाबला तर आवाज बदलला. दाबून धरला की इंजिन आणखी डगमगायचं आणि पेडलजवळ बारीक फुस्स ऐकू यायचं. ब्रेक बूस्टरचा (पेडलला जोर देणाऱ्या डब्याचा) डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला होता. बूस्टर चालतो इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर, त्यामुळे तिथून फुकटची हवा मॅनिफोल्डमध्ये शिरत होती. बूस्टरची नळी काढून तोंड बंद केलं आणि इंजिन लगेच शांत झालं. तक्रार स्लोची होती, दोष ब्रेकचा. नुसता स्क्रू फिरवून गाडी सोडली असती तर ब्रेक जड होत गेला असता आणि आयडलकडे बघून कुणाला शंकाही आली नसती. गुरुजींनी ही गोष्ट गारगोटीपर्यंत सांगितली. तिकडून आजही गाड्या येतात.

त्यानंतर आम्ही ही ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज घेतला. माझ्या मते जुन्या इंजिनासाठी याच्याइतकं प्रामाणिक हत्यार दुसरं नाही. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलला १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून इथे दीड-दोन इंच कमी धरायचे. काटा स्थिर पण खाली असेल तर कुठेतरी इंजिन हवा घेतंय किंवा ठिणगीचं टायमिंग मागे आहे. काटा ठरावीक लयीत झटका देत असेल तर व्हॉल्व्ह बघायचा. आणि काटा निवांत, पण गाडी मात्र हादरतेय, तर इंजिनला काही झालेलं नाही; माउंटिंगचं (इंजिनला खालून धरणारं) रबर गेलंय. केवळ माउंटिंग गेल्यामुळे कार्बोरेटर खोललेल्या गाड्या आमच्याकडे आल्या आहेत.

हवा कुठून घेते ते शोधायला आम्ही साबणाचं पाणी वापरतो. तापलेल्या इंजिनवर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारणं आमच्याकडे बंद आहे, आग लागते. मॅनिफोल्ड गॅस्केट, कार्बोरेटरचा बेस, पीसीव्हीची (इंजिनमधली वाफ परत आत ओढणारी) नळी, अ‍ॅडव्हान्सची बारीक नळी (ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी), एकेका जागी पाणी सोडायचं. जिथे इंजिनचा सूर बदलेल तिथे फट. पावसाळ्यात मात्र आधी इग्निशन बघतो. रात्री गाळ्यातले दिवे बंद करून एचटी वायरींवर (प्लगला जोराचा करंट नेणाऱ्या) पाण्याचा हलका फवारा मारला की करंट कुठे गळतो ते निळ्या ठिणग्यांनी दिसतं. तडकलेली डिस्ट्रिब्युटर कॅप (करंट प्लगांना वाटणाऱ्या भागाचं झाकण) अशीच सापडते. मारुती ८०० तीन सिलिंडरची, त्यामुळे एक सिलिंडर मिस मारायला, म्हणजे पेटणं चुकवायला, लागला की तिसरा हिस्सा ताकद गेली. बसलेल्या माणसाला सीटपर्यंत हादरा जाणवतो.

२००० च्या आसपास एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्या वाढल्या आणि आम्हाला नव्याने शिकावं लागलं. कार्बोरेटरची गाडी हवा घेतली की मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन मिस मारते. या गाड्यांची रेस चढते-उतरते, कारण कॉम्प्युटर सावरायला बघतो. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन आणि आयडलची हवा सोडणारा व्हॉल्व्ह चिकटणं, ही नेहमीची कारणं. सेन्सर बदलायची घाई आम्ही करत नाही. तापमानाचा सेन्सर खोटं सांगत असेल तर इंजिन तापलेलं असूनही थंड समजून पेट्रोल सोडलं जातं, पण तो मल्टिमीटरने तपासता येतो, मग अंदाजाने कशाला बदलायचा? स्कॅनर आम्ही घेतला, त्याचा उपयोग होतो, पण सुटलेली नळी तो बोट दाखवून सांगत नाही.

अलीकडचं नवं काम इथेनॉलचं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या धाटणीचं रबर त्यात मऊ पडतं किंवा फुगतं. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ते जुळवून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या पद्मिनी आणि ८०० आम्ही आता पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉल सोसणारे घालूनच परत देतो. सुटे भाग स्वस्तातले नको, हे गिऱ्हाइकाला बसवून समजावतो. ते ऐकून घेतात.

आज गाळे दोन झाले. भावाचा मुलगा इलेक्ट्रिकलचं बघतो, वहिनी हिशोब सांभाळतात, आणि आयटीआय करून आलेली मुलं हाताखाली आहेत. नव्या मुलाच्या हातात आधी गेज देतो, पाना नंतर. बिलावर तपासणीची ओळ पहिल्यापासून वेगळी लिहितो, आणि खाली कारण मराठीत: "बूस्टर डायफ्रॅम फाटलेला", "मॅनिफोल्ड गॅस्केट, दुसऱ्या सिलिंडरजवळ".

आयडलची तक्रार घेऊन येणार असाल तर गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. थंड इंजिनचं सकाळचं पहिलं स्टार्ट बघितलं की निम्मं काम होतं. चोक, थंडीची रेस, धुराचा रंग हे तेव्हाच दिसतं. रात्रभर गाडी ठेवायचे पैसे आम्ही घेत नाही.