डब्यावरची कणीक

रविवारी सकाळी मुलांना अभंग ऐकवायचे, असा बेत मी मे महिन्यात केला आणि पहिल्याच रविवारी माती खाल्ली. भीमसेनजींचं ‘तीर्थ विठ्ठल’ लावलं आणि लगेच सुरू झाले: हा अहिर भैरव, सकाळचा राग, रिषभ कोमल, निषाद कोमल, चाल राम फाटकांची... धाकट्याने विचारलं, “आई, पोहे झाले?” चूक माझीच. पोह्यांच्या आधी कोमल रिषभ कोणाला पचणार!

पुढच्या रविवारी तोंड बंद ठेवलं. लेकीला दुधाच्या बिलाची मागची बाजू नि पेन्सिल दिली. म्हटलं, ‘विठ्ठल’ किती वेळा येतो ते मोज. नामदेवांचा अभंग कागदावर पाहिला तर विठ्ठल तेराच वेळा. तिने पाच-पाच रेघांचे गठ्ठे मांडले, तेरा केव्हाच मागे पडले. मग पेन्सिल थांबली.

“हा मघासारखा नव्हता. ह्याला वेगळी रेघ मारू?”

मघाचा ‘विठ्ठल’ एका सुरावर सरळ उभा होता, हा वर जाऊन वळून आला होता. ती तिरक्या रेघा मारायला लागली. एक तर चक्क सापासारखी. हेच कळायला मला गाण्याच्या क्लासात दोन वर्षं लागली होती.

धाकट्याचं मात्र बसून ऐकण्याशी वाकडंच. त्याला पालखीला नेलं. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दोन्ही मुक्काम एकाच गावात, हे पुणेकर स्वतःचं कर्तृत्व असल्यासारखं सांगतात. (मीही.) नाना पेठेत एक मृदंगवाले बाबा फुटपाथवर बसून मृदंगाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या तोंडावर, ओली कणीक थापत होते. लावायची, थाप मारून ऐकायची, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. पोरगं हलेना.

“पोळीचं पीठ?”

“व्हय माउली. ह्येच्याबिगर घुमत न्हाई.”

संध्याकाळी परातीतला एक गोळा गायब. सापडला तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर, झाकणाच्या मधोमध थापलेला. खणखणणारा डबा खरंच जरा जड आवाजात बोलत होता.

आता रविवारी ही रेघा मारते, तो डबा बडवतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा काही पुऱ्या होत नाहीत, सातवीलाच घाई होते. मध्येच “थांबव, घुमत नाहीये” म्हणून भीमसेनजींना गप्प करतो आणि चिमूटभर कणीक काढतो.

वाळलेली कणीक खरवडायचं काम अर्थात माझ्याकडे.