योगवर्गातून दिंडीत

योग शिकवायला लागलं की स्वतःची साधना हळूहळू बदलत जाते. योगशिक्षक आपसात याबद्दल फारसं बोलत नाहीत. समोर शवासनात पडलेल्या मंडळींना 'श्वासाकडे लक्ष द्या' असं सांगताना आपलं लक्ष घड्याळाकडे असतं, कोपऱ्यातल्या काकांच्या ताठलेल्या खांद्यांकडे असतं, पुढच्या सूचनेकडे असतं. मग पहाटे घरी एकटीनं बसलं तरी आत तोच आवाज चालू राहतो, 'कपाळ सैल सोडा, जबडा सैल सोडा'. मी ध्यानाला बसते आहे की सकाळच्या वर्गाची तयारी करते आहे, हे मलाच सांगता येईना अशी वेळ आली होती.

कंबरदुखीनं मला योगाकडे आणलं. नंतर लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या त्या संस्थेनं मला शरीराकडे चिकित्सक नजरेनं बघायला शिकवलं. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौनात बसले, तिथे स्थिर बसणं म्हणजे काय ते कळलं. पण खरी वाट दाखवली ती पुण्यातल्या माझ्या सरांनी. त्यांच्याकडे प्राणायाम शिकता शिकता ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचला, अनेकदा वाचला. माउलींनी त्यात योगमार्गाला 'पंथराज' म्हटलं आहे. आसन कुठे घालावं, मूळबंध कसा लागतो, जालंधर आणि वोढियाणा (उड्डियान) हे बंध कसे, हे सगळं इतक्या बारकाईनं सांगितलं आहे की लिहिणारा या वाटेनं स्वतः गेलेला आहे याबद्दल शंका राहत नाही. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांकडे आलेलं ते नाथपंथाचं धन आहे. साधनेची जागा कशी असावी, तर 'बैसलिया उठों नावडे' अशी. ही ओळ मी माझ्या वर्गाच्या भिंतीवर लिहून घेतली होती.

आमचे सर आषाढी वारीच्या काळात वर्ग बंद ठेवायचे. एरवी दिवाळीच्या पाडव्यालाही दार उघडं असायचं. मी एकदा विचारलं, "सर, वारीच्या गर्दीत ध्यान कसं होतं?" ते म्हणाले, "तिथं मला कुणी सर म्हणत नाही. त्यासाठी जातो." ते वारल्यानंतरच्या ज्येष्ठात मी त्यांच्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाच्या खर्चाची वर्गणी, भरली.

आळंदीला पोचले तेव्हा पहिल्यांदा, चांगदेवाला सामोरं जायला ज्ञानदेवांनी चालवली असं सांगतात त्या भिंतीपाशी गेले. योगसामर्थ्यानं चौदाशे वर्षं जगला असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्या योग्यानं ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं आणि मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. लहानपणी ही गोष्ट वाघावर बसून आलेल्या चांगदेवाच्या चमत्कारापायी आवडायची. आता मात्र त्या कोऱ्या पत्राशीच थांबले. त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्याला हिणवलं नाही, परतही पाठवलं नाही. आणि पुढे त्या महायोग्याची गुरू झाली ती वयानं सगळ्यांत धाकटी मुक्ताई.

दिंडीत गेल्यावर वीणेकरी बुवांनी विचारलं, "काय करता माउली?"

"योग शिकवते. ध्यानही."

"बरं. टाळ धरता येतो का?"

"नाही."

"मग मागं मावशांबरोबर चाला. दोन मुक्कामांत येईल."

दिंडीची एक रचना असते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, त्यामागे वीणा, आणि वीणेच्या मागे आम्ही बायका, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या डोक्यावर पाण्याची कळशी. वीणा जमिनीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. पहाटे कर्णा वाजतो: पहिल्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला रांगेत यायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली, आणि माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या दरबारातले सरदार होते. लाखोंचा समुदाय अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतो आणि कुणाला काय करायचं हे विचारावं लागत नाही, यामागे त्यांची ती लष्करी नजर आहे. सूचना देणं हाच जिचा व्यवसाय, तिला हे फार जाणवतं. मला त्या सगळ्या वाटेत एकही सूचना द्यायची नव्हती.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा. बहुधा त्याच दिवशी योगिनी एकादशी येते, म्हणजे उपास करून दिवेघाट चढायचा. घाटाच्या पायथ्याशी माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. मी तोवर सवयीप्रमाणे श्वास मोजत होते, चार पावलं आत, सहा पावलं बाहेर. चढ सुरू झाला आणि हिशेब मोडला. धाप लागली. बाजूच्या मावशी, माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, अभंग म्हणत चढत होत्या. मी त्यांच्या अभंगाचा चरण धरला. म्हणायचं तर श्वास बाहेर सोडतच राहावा लागतो, चरण संपला की तो आपसूक आत येतो, पुढचा चरण पुन्हा त्याला लांबवतो. मी वर्षानुवर्षं शिकवत आलेला दीर्घ रेचक, म्हणजे लांबवलेला उच्छ्वास, त्या रांगेत कुणी न शिकवता चालू होता. टाळाचा ठोका पावलाला धरून, पाऊल चरणाला धरून, श्वास त्या दोघांच्या मागे. पतंजलींनी आसन साधायला 'प्रयत्नशैथिल्य', म्हणजे प्रयत्न सैल सोडणं, सांगितलं आहे. ते सूत्र मी अनेकदा फळ्यावर लिहून समजावलं होतं. घाटात प्रयत्न तर प्रचंड होता, पायाच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण प्रयत्न करणारी मी मधून सुटल्यासारखी झाले. माथ्यावर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर वळणावळणांनी पताका आणि तुळशी अजून वर येतच होत्या.

संध्याकाळी हरिपाठ. आणि त्यात पाचवा अभंग: 'योग याग विधी येणे नोहे सिद्धी, वायाचि उपाधी दंभधर्म.' योगशिक्षिकेनं दिंडीत उभं राहून ही ओळ रोज म्हणायची! पहिल्या दिवशी ती म्हणताना माझा आवाज खाली गेला होता. ज्यांनी पंथराज सांगितला त्यांच्याच नावाचा हा अभंग. मी बुवांना विचारलं, हे कसं जुळवायचं? बुवा शेतकरी माणूस, सांगोल्याकडचे. म्हणाले, "माउली, तुम्ही पहिल्याच चरणावर थांबलात. शेवटपर्यंत म्हणा की." शेवटचा चरण 'साधूचे संगती तरणोपाय' असा आहे. मधला 'भावेंवीण देव न कळे' असा. योग खोटा आहे असं हा अभंग मला सांगत नाही. भाव नसेल आणि संगत नसेल तर तो विधी होऊन बसतो, असं सांगतो. माझं ध्यान विधी झालं होतं, आणि संगत म्हणावी तर समोर फक्त विद्यार्थी होते. पंथराज लिहिणाऱ्याखेरीज हे इतक्या अधिकारानं कोण सांगणार, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

पण मला ज्याबद्दल मनापासून लिहायचं आहे ती समाजआरती. दिवसभराची चाल संपवून पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार हातातला दंड उंच करतो. आणि तो कल्लोळ थांबतो. विरत वगैरे जात नाही, थांबतो. एवढ्या माणसांचा श्वास ऐकू यावा अशी शांतता. मी मौनाची शिबिरं केली आहेत, पण तिथली शांतता आधीपासून राखलेली असते, दारं लावून, फोन काढून घेऊन. ही शांतता आवाजाच्या पोटातून आली आणि तिच्यात कुणीही डोळे मिटलेले नव्हते.

त्या शांततेत काय होतं? हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते. कुणाचा टाळ सापडला, कुणाची पिशवी राहिली. उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं. आणि एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी दंड वर झाला तरी टाळ वाजवणं थांबवत नाही. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यातून टाळ चालू. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो, मग ते टाळही थांबतात आणि आरती होते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे भरून आले. ध्यानात मनातला जो एक कोपरा गप्प बसत नाही, त्याला आम्ही 'दुर्लक्ष करा, श्वासाकडे या' असं सांगत असतो. इथे त्याच्यापाशी जाऊन ऐकून घेतात, आणि त्याचं झाल्याशिवाय आरती सुरू होत नाही.

लोणंदच्या मुक्कामी परभणीकडच्या एका आजींचे गुडघे धरले होते. मी म्हटलं, दाखवते सोपा व्यायाम. पाय लांब करून मांडीचा स्नायू आवळायचा, सोडायचा. त्यांनी मन लावून केला. मग म्हणाल्या, "झालं का तुझं? आता तुझे पाय आण इकडं." मी संकोचले. "आण म्हणले ना!" तळव्याला फोड आले होते ते त्यांनी बघितले, सुईत दोरा ओवून फोडातलं पाणी काढलं, कडेनं खोबरेल लावलं, आणि पोटऱ्या अशा रगडल्या की मी बसल्याजागी झोपले. आमच्या क्षेत्रात देणं शिकवतात. घेण्याचा सराव मला फार नव्हता.

चांदोबाचा लिंब या ठिकाणचं उभं रिंगण, पुढची गोल रिंगणं, स्वार नसलेला माउलींचा अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला उडालेली झुंबड, यांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. ते पाहावंच. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, तिथून पुढे आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. पंढरपुरात चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला हात लावून कळसाचं दर्शन घेतलं. पदस्पर्शाच्या रांगेत उभी राहिले नाही. आजींचा आग्रह होता, "कळस दिसला की दर्शन झालं", आणि माझंही तसंच झालं.

परत आल्यावर वर्गात काही बदल केले. आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी वर्ग घेतं आणि मी रांगेत चटई टाकते. त्यांच्या सूचना चुकतात तिथेही मी बोलत नाही. प्राणायामाच्या आधी आम्ही मिनिटभर मोठ्यानं काहीतरी म्हणतो, ओंकार किंवा एखादा अभंग. दीर्घ रेचक शिकवायला याहून सोपी रीत मला सापडलेली नाही, विशेषतः ज्येष्ठांसाठी. ध्यान संपल्यावर 'कुणाला काही अडलं का' असं विचारून ऐकत बसते, त्याला वेळ लागला तर लागू देते. भिंतीवर 'बैसलिया उठों नावडे' अजून आहे.

वारीच्या काळात वर्ग बंद राहील. बरोबर यायचं असेल त्यांनी भिशीसाठी आधीच सांगावं, दिंडीला तंबू आणि शिधा त्या आकड्यावर ठरवावा लागतो. चैत्रापासून रोज चालायला लागा, आठवड्यातून एकदा सलग चार-पाच तास. चप्पल-बूट नवे घेऊ नका, पायाला सरावलेलेच आणा. पावसाला प्लॅस्टिकचा कागद, सुई-दोरा, खोबरेल, एक ताट-तांब्या. टाळ दिंडीत मिळतो. योगाची चटई आणू नका, तळावर तेवढी जागा नसते.