तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यात ट्यूलिप कधी लावायचे?

गॅलरीतल्या ट्यूलिपचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ही चूक झाली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे एकच प्रश्न: ट्यूलिपचे कांदे (म्हणजे कंद) कधी लावायचे?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. (आधी मीच 'दिवाळीत लावा' सांगत सुटले होते, थंड देशांतलं वाचून. चुकलं.)

पण एवढं ऐकून तुम्ही डिसेंबरातच कांदे आणता, थेट कुंडीत खुपसता आणि नुसती पानं आली म्हणून मला जाब विचारता. लावणं हे शेवटचं काम आहे हो. कांद्याला त्याआधी १२ ते १४ आठवडे थंडी लागते, २ ते ९ अंशांची. श्रीनगरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदे जमिनीत जातात, पुढचं हिवाळा बघतो. दिल्लीत आधीच थंडावलेले कांदे डिसेंबरात लावतात, फुलं फेब्रुवारीत. घोडबंदर रोडचा हिवाळा म्हणजे फ्रिजचा खालचा ड्रॉवर. सप्टेंबरअखेर कागदी पिशवीत घालून ठेवायचे.

पहिल्या वर्षी मी हे सगळं केलं होतं. त्याच नोव्हेंबरात सासऱ्यांची बायपास झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं आणायचा. ती त्याच ड्रॉवरमध्ये, कांद्यांना खेटून. जानेवारीत पानं आली, कळी वर आली आणि हिरवी असतानाच थांबली. चिमटीत धरली तर आत काही नाही, लसणाच्या सालीसारखी करकरीत. बाबा रोज सकाळी कुंड्यांना तांब्याभर पाणी घालायचे. घरात त्यांना तेवढंच काम करू देत होतो. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कुजवलेत ते." ते काही बोलले नाहीत. तांब्या मोरीत ठेवून आले.

पिकल्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि कांद्याच्या पोटातली कळी त्यानं मरते, हे मला पुढच्या सप्टेंबरात कळलं. बाबांना सांगितलं. म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, सफरचंदं पुरे आता." हसलेही. पण कुंड्यांना पाणी आता मीच घालते.

फोटोतली फुलं त्या दुसऱ्या वर्षाची. दहा कांद्यांतली चार. दांडे बोटभर, म्हणून फोटो जवळून काढला. पाच दिवसांत पाकळ्या गळाल्या. आपल्या हवेत तोच कांदा पुन्हा फुलत नाही, म्हणून फेकूनही दिले. "एवढ्यासाठी एवढं? जास्वंद लावा की!" लावलीय. रोज फुलते. तरी यंदाही दहा कांदे मागवलेत, का ते विचारू नका.

घरी येणार असाल तर या. फळं तेवढी आणू नका.