व्हॅलेटातील दोन दिवस

माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथे शनिवारी सकाळी पोहोचलो, तेव्हा प्रथम नजरेत भरला तो दगडाचा मधाळ रंग. हा चुनखडीचा दगड इतका मऊ असतो की समुद्राकडील भिंती खाऱ्या वाऱ्याने पोखरून मोहोळासारख्या जाळीदार झाल्या आहेत. १५६५ मधील ऑटोमन तुर्कांचा वेढा उठल्यानंतर पुढच्याच वर्षी तेव्हा माल्टावर सत्ता असलेल्या सेंट जॉनच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी या शहराचा पाया घातला आणि फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन स्थापत्यकाराने उंचसखल कातळावर काटकोनात रस्ते आखले. परिणामी निम्म्या गल्ल्या म्हणजे जिनेच आहेत, आणि माझ्या गुडघ्यांनी त्याची वेळोवेळी दखल घेतली. वर पाहावे तर हिरव्या, तांबड्या, निळ्या रंगांच्या बंदिस्त लाकडी सज्जांच्या रांगा!

१९४२ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले ऑपेरागृह पुन्हा न उभारता इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी त्याच्या अवशेषांतच खुले नाट्यगृह केले आहे. अनेक स्थानिकांना ते रुचले नाही. मला मात्र ते प्रामाणिक वाटले.

सर्वाधिक वेळ गेला तो सेंट जॉनच्या कॅथेड्रलमध्ये. बाहेरून किल्ल्यासारखी रुक्ष दिसणारी ही वास्तू आतून सोन्याने मढलेली आहे, आणि पायांखाली योद्ध्यांची रंगीत संगमरवरी थडगी पसरलेली आहेत. प्रार्थनादालनात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचे १६०८ मधील भव्य चित्र आहे. शिरच्छेद झालेल्या संताच्या मानेतून ओघळलेल्या रक्तातच चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे. त्याने स्वाक्षरी केलेले हे एकमेव चित्र. ती अक्षरे शोधण्यात माझी पंधरा मिनिटे गेली.