गोळी कधी सुटणार?

"सिस्टर, एक नशा सोडवायला तुम्ही दुसरी नशाच देता ना?" मुंबईतल्या एका ओएसटी सेंटरवर मी नर्स आहे हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ही शंका तुमच्यापेक्षा आमच्या पेशंटांनाच जास्त असते.

ओएसटी म्हणजे गर्दऐवजी रोज ब्युप्रेनॉर्फिन हे औषध. गोळी कुटून मी जिभेखाली घालते. विरघळेपर्यंत बाकावर गप्प बसायचं, थुंकी गिळायची नाही. मग तोंड उघडायला लावून मी बघते. चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, "जीभ वर कर" म्हटलं की शाळेतल्या मुलासारखा आ करतो. लाज गोळीची नसतेच, या तपासणीची असते.

पहिल्या दिवशी विचारतो, शेवटचं कधी ओढलंस? पुष्कळ जण खोटं सांगतात. ही गोळी लोकलमध्ये खिडकी धरणाऱ्यासारखी आहे. आधी कोणी बसलेलं असेल तर त्याला उठवून स्वतः बसते. अंगात गर्द असताना दिली तर बाकावरच टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास: ओकाऱ्या, जुलाब, हाडांचा ठणका. मग वस्तीत बातमी, "सेंटरची गोळी मारते." टर्की सुरू होईपर्यंत धीर धरणाऱ्याला मात्र ती दिवसभर पुरते. नशा अशी चढत नाही, नंतर गर्द ओढली तरी तिला बसायला जागा नसते.

आमच्याकडे एक टेम्पोवाला आहे. एकदा म्हणाला, "मी गर्दुल्लाच ना अजून? फक्त लाइन बदलली." मी नेहमीचं उत्तर दिलं, शुगरवाले नाही का रोज गोळी घेत? तो हसला. "त्यांचं तोंड उघडून कोण बघतं?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्याची आई दर महिन्याला विचारायची, गोळी कधी सुटणार? बरं वाटावं म्हणून मी सहा महिने म्हटलं. चूक माझी. सहा महिने भरले आणि पठ्ठ्या यायचाच बंद झाला. परत आला तेव्हा सुईवर होता. सवय मोडलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही, श्वासच थांबू शकतो. तो वाचला. तेव्हापासून मी तारीख सांगत नाही. काहींची गोळी हळूहळू कमी करत सुटते, काहींची वर्षानुवर्षं चालते, आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही.

2020 च्या लॉकडाउनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायची मुभा मिळाली. त्याच्या आईने त्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या. सकाळी चहाआधी एकेक काढून द्यायची. तोंड उघडून कोणी बघत नव्हतं. गोळ्या न्यायला आला की तो टेम्पोच्या भाड्याबद्दल बोलायचा, पोराच्या ऑनलाइन शाळेबद्दल बोलायचा. गोळी कधी सुटणार, हे त्या महिन्यांत त्याने एकदाही विचारलं नाही.