एवढ्यात तुमचं भागतं कसं?

ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या, समोरच्या टॉवरमधल्या मुली हटकून हे विचारतात. प्रेमानेच विचारतात. "मावशी, तुमच्याकडे बघितलं की वाटतं, आम्ही उगाच पैशामागे धावतोय. महत्त्वाचं तरी काय असतं, सांगा ना." मशीनवर असले की मी नुसती हसते. पण परत परत विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

शिवणाचे महिन्याला 12-13 हजार सुटतात. लग्नसराईत जास्त, भर पावसाळ्यात हात रिकामे. लालबागच्या चाळीतली 10 बाय 12 ची खोली, माणूस मी एकटी. यात भागतं, हे खरं. पण ते माझ्या काटकसरीने भागतं असं म्हणू नका. खोली पागडीची आहे, म्हणजे आधी एकरकमी पैसे भरून घेतलेली, भाडं अजून शंभराच्या नोटांत मोजता येतं. दुखलंखुपलं तर केईएम हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. 1926 पासून ते गरिबाला दार उघडं ठेवून आहे, आईचं ऑपरेशन तिथेच झालं. रेशनवर धान्य मिळतं. हे सगळं आधीच्यांनी उभं केलं, भांडून मिळवलं. ते नसतं तर एवढ्या पैशात मुंबईत साधी राहणी कसली, उपासमारच झाली असती. माझ्याकडे काजं-बटणं करायला येणारी बाई माझ्याएवढंच कमावते आणि विरारला भाड्याने राहते. तिला कुणी विचारत नाही भागतं कसं, कारण तिचं भागतच नाही.

आता आईचं सांगते, कारण मी जे शिकले ते तिच्याकडून.

बाबा गिरणीत आणि आईची खाणावळ. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. याच खोलीत वीस-बावीस जणांचा दोन वेळचा स्वयंपाक. गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे कोकणातले, घाटावरचे कामगार जेवायला यायचे, हिशेब पगाराला. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आई सही करायला शिकली ती त्या कर्जासाठी.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. मी बारा वर्षांची होते. आईची माणसं एकेक करून गावी गेली, पाच जण उरले. पैसा त्यांच्याकडेही नव्हता, आमच्याकडेही नव्हता. आमटी पातळ होत गेली, सुका जवळा हीच चैन. त्यात गोड काही नव्हतं. माझी शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच, त्याची खंत आजही आहे.

आईची वही मी जपून ठेवली आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक नावापुढे रोजच्या ताटाची एक उभी रेघ. त्या फेब्रुवारीपासून पुढे रेघा आहेत, रकमेचा रकाना मात्र कोरा. बाबा एकदा वैतागून म्हणाले, "पैसे यायचेच नाहीत, तर रेघा कशाला मारतेस?" आई भाकरी थापत होती. तशीच म्हणाली, "रेघ मारली की तो गिऱ्हाईकच राहतो हो. मान खाली घालून जेवत नाही."

त्यातल्या दोघांनी पुढे सगळे पैसे फेडले. एकाने सावंतवाडीकडून उकड्या तांदळाचं पोतं आणलं. बाकी दोघांचं काही कळलं नाही. त्यांच्या रेघा आईने खोडल्या नाहीत आणि त्यांच्याबद्दल वावगा शब्दही काढला नाही.

महत्त्वाचं काय, असं विचारता ना? अडलेल्या माणसाला आपल्या दारात ताठ मानेने बसता आलं पाहिजे आणि आपल्यालाही कुणाच्या दारात तसंच बसता आलं पाहिजे. विरारच्या बाईला उचल देते, तेव्हा मी तिच्यादेखत वहीत लिहिते. ती स्वतः आकडा तपासते.

गेल्या महिन्यात चाळीत पुनर्विकासाची सभा झाली. लिफ्ट, मोठी खोली, संडास घरात. सगळे खूश होते, मीही. मग मी उठून विचारलं, नव्या घराचा मेंटेनन्स किती पडेल? बिल्डरचा माणूस म्हणाला, ते नंतर बघू. मी घरी आले आणि त्याचं उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवलं.