बाई खोटं बोलत नव्हत्या

फौजदारी अपिलात माझ्याकडे माणूस येत नाही, पेपरबुक येतं. गरीब आरोपीला मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीचं नेमणुकीचं पत्र, कारागृहातून आलेला अंगठा उठवलेला अर्ज आणि बऱ्याच काळानं खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड. तोवर अशील पक्का, म्हणजे शिक्षा भोगणारा, कैदी झालेला असतो. त्याची-माझी गाठ पडते ती बहुतेक वेळा व्हिडिओ कॉन्फरन्सवर, तीही पाच-दहा मिनिटं. फीबद्दल बोलत नाही, बोलण्यासारखी नसते.

निकालपत्र मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी वाचलं की पुढचा प्रत्येक कागद निकालाच्या बाजूनं बोलायला लागतो. त्यामुळे आधी फिर्याद, मग पंचनामे, मग साक्षी, आणि त्यातही उलटतपास दोनदा.

हे प्रकरण तसं साधं होतं. रात्री घरात घुसून, सुऱ्याचा धाक दाखवून दागिने नेल्याचं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 397 लागलं की सात वर्षांच्या खाली जाता येत नसे. इथं दहा दिली होती. आरोपी बिगारी कामावरचा, वय 22. फिर्यादी निवृत्त शिक्षिका. घरात त्या एकट्या होत्या, चोर एकटाच होता, आणि झिरोच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी त्याला पाहिलं होतं.

फिर्याद वाचतानाच मी पेन्सिल उचलली. सुऱ्याचं वर्णन पाच ओळींचं होतं: लाकडी मूठ, मुठीवर दोन पितळी रिबिटी, पात्याचं टोक किंचित वाकलेलं. चेहरा एका ओळीत संपला होता: ‘सावळा, मध्यम बांध्याचा, वय अंदाजे 25 ते 30.’ यात बाईंचं काही चुकलं नाही. गळ्याशी सुरा असताना माणूस सुऱ्याकडेच बघतो; मानसशास्त्रात यावर पुष्कळ काम झालेलं आहे आणि आमच्या कोर्टांत त्याचा उल्लेख क्वचित होतो.

मग ओळख परेडचा पंचनामा. हा कागद मला नेहमीच छळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. परेड म्हणजे आरोपीला इतर माणसांच्या, म्हणजे डमींच्या, रांगेत उभं करायचं आणि साक्षीदारानं त्याला ओळखायचं. ती पोलिसांनी घ्यायची नसते. आमच्याकडे ती नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात, आरोपी न्यायालयीन कोठडीत असेल तर कारागृहात. एका आरोपीमागे किमान सहा डमी हवेत आणि ते वयानं, उंचीनं, अंगकाठीनं त्याच्यासारखे दिसणारे हवेत. आरोपीला रांगेतली जागा स्वतः निवडू द्यायची, कपडे बदलू द्यायचे. अंगावर ठळक खूण असेल तर ती झाकायची, किंवा सगळ्यांच्याच त्या जागी पट्टी लावायची. साक्षीदाराला आधी आरोपी दिसता कामा नये, म्हणून आरोपीला कोर्टात आणताना-नेताना बुरखा घालायचा. उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये याच्या सूचना आहेत. त्या पाळल्याचा उल्लेख जवळपास प्रत्येक पंचनाम्यात असतो, कारण तो मजकूर आधीच छापलेला असतो.

इथंही छापलेलाच होता. ‘आरोपीच्या समान वयाचे व समान शरीरयष्टीचे सहा इसम निवडण्यात आले.’ त्याच्याच खाली निळ्या शाईनं, हातानं लिहिलेली डमींची यादी: वय 38, 41, 35, 44, 40, 36. आणि त्यांच्यामध्ये 22 वर्षांचा पोरगा. छापील वाक्य आणि हाताची यादी यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांनी सही केली, दोन पंचांनी केली, सरकारी वकिलांनी कागद साक्षीत सिद्ध केला, त्याला निशाणी क्रमांक पडला, आणि एकाही माणसानं वरून खाली नजर फिरवली नाही. तहसील कार्यालयातल्या माणसावर मी फार चिडत नाही. सातबाऱ्याच्या गर्दीतून उठवून त्याला कारागृहात पाठवतात. या कामाचं प्रशिक्षण काय, तर आधीच्या साहेबांचा नमुना. चीड येते ती आम्हा काळ्या कोटवाल्यांची.

कारण त्याच नायब तहसीलदारांच्या साक्षीत एक वाक्य सहज येऊन गेलं होतं: ‘साक्षीदार रांगेसमोरून दोन वेळा फिरल्या व त्यानंतर त्यांनी इसमास हात लावून दाखविले.’ दोन वेळा. पहिल्या फेरीत बाई का थांबल्या नाहीत? किती वेळ गेला? हात लावताना काय म्हणाल्या, ‘हाच’ की ‘हाच असावा’? पंचनाम्यात त्याला रकानाच नाही, तिथं फक्त ‘ओळखले’ असं लिहायचं. पुढं कोर्टात बाईंच्या सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेल्या साक्षीत, आलं: ‘मी आरोपीस पाहताक्षणी ओळखले.’ परेड आणि साक्ष यांच्यामध्ये कधीतरी दोन फेऱ्यांचा एक क्षण झाला होता, आणि तो कसा झाला हे बाईंनाही सांगता आलं नसतं.

खालच्या कोर्टातल्या बचावाच्या वकिलांनी उलटतपासात काय केलं? आरोप करत गेले, बाई नाकारत गेल्या आणि त्यांची उत्तरं अशी नोंदली गेली. तर ‘पोलिसांच्या सांगण्यावरून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ ‘आरोपीस मी पाहिलेच नव्हते, हे म्हणणे खरे नाही.’ पानभर ‘हे म्हणणे खरे नाही’. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या बाईंना भर कोर्टात खोटारडी म्हटल्यावर त्या अधिक ठाम होणार नाहीत तर काय? खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला तोडायचं तंत्र आम्ही शिकतो, त्याचा अभिमानही मिरवतो. प्रामाणिकपणे चुकणाऱ्याला काय विचारायचं, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याला उजेड विचारायचा, अंतर विचारायचं, किती सेकंद पाहिलं ते विचारायचं, आणि मधल्या काळात काय काय पाहिलं तेही.

मधल्या काळात बाईंनी काय पाहिलं असेल याचा कागद फाइलमध्येच होता. अटकेनंतर, परेडच्या बऱ्याच आधी, एका वर्तमानपत्रात पोलीस पथकाचा फोटो आला होता. साहेब उभे, पुढं मांडलेला मुद्देमाल, खाली बसवलेला आरोपी, तोंड उघडं. बचावाच्या वकिलांनी कात्रण यादीसोबत दाखल केलं आणि विषय सोडून दिला. छापून आलेली गोष्ट आपोआप पुरावा होत नाही. वार्ताहर किंवा फोटोग्राफर साक्षीला आणावा लागतो. निदान ‘बाई, तुमच्याकडे कोणतं वर्तमानपत्र येतं?’ एवढं तरी विचारायचं. तेही नाही.

निकालपत्रात अपेक्षित तेच होतं: साक्षीदार सुशिक्षित आहे, आरोपीशी पूर्ववैमनस्य नाही, खोटी साक्ष देण्याचे कारण दिसत नाही, सबब विश्वासार्ह. हे ‘सबब’ मी आजवर किती निकालांत वाचलं असेल. वैर नाही म्हणजे खोटं नाही, हे मान्य; पण खोटं नाही म्हणजे बरोबर आहे, ही उडी कशाच्या जोरावर? वास्तविक सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे की परेड हा मूळ पुरावा नव्हे, मूळ पुरावा कोर्टातली ओळख. पण कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस उभा असतो, शेजारी हवालदार. तिथं ओळखायचं राहतं काय?

अमेरिकेत डीएनए चाचणीनं निर्दोष ठरलेल्या 375 जणांचा अभ्यास झाला, त्यातल्या सुमारे 69 टक्के प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख होती. इतक्या लांब कशाला जायचं? महाराष्ट्रातल्याच 2003 च्या दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा सुनावली आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं आत गेली होती. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. आणि प्रत्यक्षदर्शी बाईंनी सुरुवातीला पोलिसांच्या फोटो अल्बममधून दाखवलेली चार माणसं वेगळीच होती! त्यांचं काय केलं, याचं समाधानकारक उत्तर तपास यंत्रणेकडे नव्हतं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. विधी आयोगानं ऑगस्ट 2018 मध्ये 277 व्या अहवालात अशा भरपाईसाठी कायदा सुचवला होता, तो अजून सुचवलेलाच आहे.

माझ्या प्रकरणात दुसरा आधार होता तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 27 खालची, आरोपीच्या निवेदनावरून झालेली जप्ती: आरोपीनं निवेदन दिलं आणि झुडपातून साखळी काढून दिली. झुडूप सार्वजनिक रस्त्याकडेचं, साखळीवर खास खूण नाही, आणि पंच म्हणजे पोलीस ठाण्याच्या हाताशी कायम असणारे तेच ते गृहस्थ, जे परेडलाही पंच होते. यावर युक्तिवाद होतो, पण असल्या युक्तिवादांनी न्यायमूर्तींच्या भुवया हलत नाहीत. त्यांनी असे पंच आयुष्यभर पाहिलेले असतात.

प्रकरण फिरलं ते घटनास्थळ पंचनाम्यातल्या एका ओळीनं: ‘ठसे तज्ज्ञांनी कपाटाच्या आरशावरील ठसे उचलले.’ दोषारोपपत्राच्या कागदांत ठशांचा अहवालच नव्हता. तपासी अंमलदारांनी साक्षीत ‘अहवाल अद्याप प्राप्त नाही’ एवढंच म्हटलं होतं. मी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 391 खाली अतिरिक्त पुराव्याचा अर्ज टाकला. सरकारी वकिलांनी तारखा घेतल्या, कोर्ट एकदा चिडलं, आणि त्या दिवशी अखेर एक हवालदार तपकिरी पाकीट घेऊन हजर झाला.

अहवाल पानभराचा होता. आरशावर दोन ठसे तुलनायोग्य. एक खुद्द फिर्यादीचा. दुसरा घरातल्या कोणाचाही नाही आणि आरोपीचाही नाही. न्यायमूर्तींनी पान उलटून मागं पाहिलं, चष्मा काढला आणि सरकारी वकिलांना जवळ बोलावलं. मागच्या बाजूला पोलीस ठाण्याचा आवक शिक्का होता. त्यावरची तारीख दोषारोपपत्राच्या आधीची होती.

सरकारी वकील म्हणाले, दुसरा साथीदार असू शकतो. फिर्यादीत चोर एकटा आहे, याची आठवण मला करून द्यावी लागली नाही, न्यायमूर्तींनीच दिली. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल तोंडी सांगितला गेला. संशयाचा फायदा.

बाई त्या दिवशी मुलासोबत आल्या होत्या. लिफ्टपाशी त्यांनी मला थांबवलं. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, “वकीलसाहेब, तुम्ही तुमचं काम केलंत. पण तोच होता. डोळे मिटले की तोच दिसतो.” मला त्यांचा शब्दन् शब्द पटला. त्यांना खरंच तोच दिसत असणार. त्या रात्रीचा चेहरा जाऊन तिथं फोटोतला, परेडमधला, पिंजऱ्यातला चेहरा बसला होता, आणि आता तो काढायला कोणाकडे अर्ज करणार? मुलगा मात्र तावातावानं म्हणाला, “काही केलं नसेल तर पोलीस उगाच धरतात का?” हा प्रश्न मला नातेवाईकांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळे विचारतात.

तो दुसरा ठसा कोणाचा, हे कोणी शोधलं का, असं मी सरकारी वकिलांना विचारलं. 2022 पासून देशभरातले ठसे एकाच ठिकाणी पडताळायची सोय झालेली आहे. ते हसून म्हणाले, “सर, अपील संपलं आता.” म्हणजे ज्यानं बाईंच्या गळ्याला सुरा लावला, तो या सगळ्या कागदांत कुठंच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी पोराच्या भावाचा फोन आला. शेजारच्या वस्तीत घरफोडी झाली आणि याला पुन्हा चौकशीला नेलं. ठाण्याच्या अल्बममध्ये त्याचा फोटो तसाच होता आणि तो नव्या फिर्यादीला दाखवला गेला होता. आधीची शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला की त्याचे फोटो आणि मापं नष्ट करायची, ही तरतूद 1920 च्या जुन्या कायद्यात होती आणि 2022 च्या नव्या कायद्यातही आहे. फक्त नव्यात ‘सर्व कायदेशीर मार्ग संपल्यानंतर’ अशी अट आहे, आणि सरकारला सर्वोच्च न्यायालयात जायचं आहे की नाही हे कोणी लेखी द्यायला तयार नाही. फोटो काढून टाकावा म्हणून मी अर्ज केला आहे. त्यावर ‘सरकार पक्षाने म्हणणे द्यावे’ असा शेरा पडला. तेव्हापासून दर तारखेला रोजनाम्यात ‘म्हणण्यासाठी मुदत’ एवढंच लिहिलं जातं.